पांढऱ्या पातळातलं लगन

"हा लग्नाचा फोटो आहे की मयतीचा?"

बाबूनं माहा फोटो दोन बोटांत धरला अन् वर केला. आख्ख्या कचेरीले दिसला. बाजूच्या टेबलावरचा मान लांब करून पाहू लागला. चपराशी हसला. दारात कोणत्या तरी कामासाठी आलेले दोघं जण उभे होते, तेबी हसले. कायले हसले, त्याहिले ठाऊक नसन. बाबू हसला म्हणून हसले.

मी चौकटीपाशी उभी होती. आत ये असं कोणी म्हटलं नव्हतं. फोटो बाबूनं माह्या हातातून घेतलाबी नव्हता. खिडकीच्या कट्ट्याकडं बोट करून म्हणे, "तिथं ठेव." मी ठेवला. चपराशानं तो कट्ट्यावरून उचलला अन् टेबलावर नेला. कचेरी सरकारची, स्वराज्य येऊन पोरं मोठी झाली, अन् माहा फोटो अजून कट्ट्यावरूनच आत जाऊन राह्यलता.

"पांढरं लुगडं, पांढरं कपाळ, गळ्यात काही नाही," बाबू म्हणला. "ही तर विधवा बाई. नवरा मेल्यावर काढला काय गं?"

"नवरा खुर्चीवर बसला हाय, साहेब," मी म्हटलं. "मेला असता त बसला असता कसा?"

पुन्हा हसले सारे. या खेपेस माह्यावर हसले का बाबूवर, कोण सांगन. पण बाबूचं तोंड लाल झालं. त्यानं फोटो टेबलावर फेकला. पत्ते खेळताना पान फेकते तसा.

"पुरावा आण. हा चालत नाही."

आता सारी गोठ सांगते. नाही त तुमीबी म्हणसान, या बाईले लगनाचा पुरावा कायले पाहिजे होता?

माहा नवरा फौजेत मोटारी दुरुस्त करे. फौज सुटली तवा त्याच्या एका पंजाबी दोस्तानं त्याले विलायतेले चाल म्हटलं. गेला. तिथं लोखंड गाळाच्या भट्टीवर काम भेटलं. मले म्हणे, जागा भेटली का बोलावतो. जागा भेटली, तोवर तिकडच्या सरकारनं नवा कायदा केला. आता कोणालेबी उठून जाता येत नाही. बायकोले जाता येते, पण ती खरीच बायको हाय असा पुरावा पाहिजे. कागदावर इथल्या कचेरीचा सरकारी शिक्का पाहिजे. बायको शिक्क्यानं होते हे मले तवा समजलं.

अन् मले जायचं होतं. झाकून कायले सांगू? मले त्याची लय याद ये. दिवसभर जीनमधी कापूस निवडो, नाकातोंडात रुई जाये, संध्याकाळी घरी यावं त घरात आत्या अन् मी. माय लहानपणीच गेली. बाप लगनाच्या दुसऱ्या वर्षी गेला. आत्या खोकलत बसे अन् मी चुलीकडं पाहत बसो. एक माणूस हाय, आपला हाय, अन् त्याच्यात अन् आपल्यात एक कागद आडवा. राग नाही येनार त काय येईन?

आमचं लगन दीक्षेनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात झालं. माहा बाप नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलता. घरी आल्या आल्या त्यानं देव्हारा उचलला अन् नदीत सोडला. आमच्या वस्तीनं डफडं वाजवणं सोडलं. मेलेलं ढोर ओढणं सोडलं. तवापासून गावात आमचं पाणी बंद, दळण बंद, मजुरी बंद. कळंबच्या रस्त्यानं पार शहरापर्यंत जाऊन लोकं काम धुंडत. तशा साली माहं लगन निघालं.

गावात एक रीत होती. आमच्यातला नवरदेव परण्याआधी पाटलाच्या वाड्यावर जाये. जोडा हातात घेऊन. पायरीले डोकं टेकवे, मानाचा नारळ ठेवे. पाटील नारळाले हात लावत नसे, घरचा गडी पाणी शिंपडून उचले. मंग पाटील मान हालवे. ती हालली का लगन लागलं असं समजायचं. माह्या बापाचं तसंच लागलं. आजाचं तसंच.

माहा नवरा पाटलाच्या दारापुढून फौजी बूट घालून गेला. थांबला नाही. नारळ नाही, डोकं टेकवणं नाही. पाटील ओट्यावर बसलेला होता, पान खात. त्याचं पान तोंडात तसंच राह्यलं. हे मी डोळ्यानं पाह्यलं, कारण मी मागच्या बैलगाडीत होती.

अन् पातळ पांढरं. काठ निळा, बोटाएवढा. आत्यानं ते पाह्यलं अन् भोकाड पसरलं. "माय वं माय! पोरीले पांढरं नेसवता? हे लगन हाय का मौत? माही भाची घरात जाताजाताच रांड करता काय रे?"

बापानं तिले एवढंच म्हटलं, "बाई, आपण आजवर मळलेलंच नेसलो. आता धुतलेलं नेसू दे पोरीले."

आत्या ऐकते थोडीच? सारं लगन होईपर्यंत रडत होती. जीनमधलाच एक माणूस वंदना शिकून आलता, त्यानं लगन लावलं. मधीच विसरला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आमीबी त्याच्या मागं चुकतमाकत म्हटलं. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, ती वाऱ्यानं दोनदा इझली. पण आमी दोघांनी एकमेकाले वचन देलं ते माह्या नवऱ्यानं असं मोठ्यानं म्हटलं का लोकं हसले. फौजेत सलामी देते तसं. कुंकू नाही, काळे मणी नाही. आमचं आमी ठरवलं होतं. नवऱ्यानंच म्हटलं होतं, "गळ्यात दावं कायले? तू काय गाय हायस?"

हे त्याचे शबूद ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी आमी त्याच कपड्यात मोटारीनं यवतमाळले गेलो अन् फोटो काढला. तो खुर्चीवर, मी बाजूले उभी. मागं पडद्यावर बगीचा रंगवलेला. माह्या आयुष्यातला पहिला फोटो. तोच हा.

कचेरीतून आली ती सीधी पाटलाकडं गेली. बाबूनं म्हटलं होतं, पाटलाचा दाखला आण, गावचा पाटील म्हणत असन का लगन झालं त पाहू. पाटील तसाच ओट्यावर. फक्त केस पिकले होते. मी अंगणात उभी राह्यली अन् सांगतलं.

"कोणतं लगन?" पाटील म्हणला.

"माहं लगन, पाटील. तुमच्या दारावरून त वरात गेली."

"वरात? वाजा नव्हता. नारळ नव्हता. चार लोकं रस्त्यानं गेले असतीन. रस्त्यानं रोजच लोकं जाते."

"तुमी इथंच बसले होते. पाहून राह्यले होते."

पाटील हसला. मंग मोठ्या मायेनं बोलल्यासारखं बोलला, "असं कर पोरी. तवाचा नारळ राह्यला ना? तो आता आण. तुह्या वस्तीतल्या चार लोकाहिले घेऊन ये, पायरीवर ठेव, डोकं टेकव. मंग मले तुहं लगन आठवन."

घरी येईपर्यंत मी रस्त्यानं एकटीच बडबडत आली. ज्याले लगन झालं म्हणून राग हाय, तोच लगन झालं नाही म्हणते! झालंच नसतं त तू नारळ कायचा मागतो, पाटील? हे त्याच्या तोंडावर म्हणाचं होतं. सुचलं तवा मी नदीपाशी पोचली होती. नेहमी असंच होते माहं.

वस्तीतले दोघं जण म्हणलेबी, "बाई, एक नारळ त हाय. ठेवून टाक. तुह्या नवऱ्याकडं जाशीन." त्याहिचं मन वाईट नव्हतं. पण एक नारळ ठेवला का साऱ्या वस्तीची मान पुन्हा त्या पायरीवर. मी नाही म्हटलं.

पुन्हा कचेरी. पुन्हा चौकट. मी म्हटलं, पाटील दाखला देत नाही, ज्यानं लगन लावलं तो अन् वस्तीतले पन्नास लोकं साक्षीले आणते.

"लग्न लावलं ते भटजी होते काय?"

"नाही. आमच्यातलाच माणूस."

"सप्तपदी? होम?"

"नाही."

"मंगळसूत्र नाही, होम नाही, भटजी नाही." बाबू एकेक बोट दुमडत गेला. "मुलं किती?"

"नाही."

"मूलसुद्धा नाही! मग नवरा कशावरून गं?" अन् बाजूच्या टेबलाकडं पाहून म्हणला, "अशा बिना लग्नाच्या बायका विलायतेला पाठवायच्या, अन् बदनामी आपल्या देशाची."

नवरा फौजेत होता तवाबी वर्षातून एकदा सुटीवर ये, अन् लगनाले तीन सालं झाली नाही त विलायतेले गेला. मूल नाही झालं त नाही झालं. ते दुःख माहं हाय. ते मी आत्यासंगबी बोलत नाही. अन् हा माणूस ते साऱ्या कचेरीपुढं वाळत घालून राह्यलता.

निघताना बाबूनं आवाज देला. जरा नरम आवाजात. "हे बघ, मी काही वैरी नाही तुझा. कुंकू लाव, मंगळसूत्र घाल, नीट लग्नासारखा फोटो आण. करून टाकतो काम. एवढी कसली अडचण?"

मी चौथी शिकलेली बाई, नवऱ्याले सारं लिहिलं. मले वाटलं, तो पेटून उठन. त्यानंच त दावं म्हटलं होतं. मी त्याच्या चिठ्ठीची अशी वाट पाह्यली का पोस्टमन मले पाहून दुरूनच हात हालवे. एक दिवस त्यानं हात हालवला नाही, चिठ्ठी देली.

चिठ्ठीत होतं, "एवढं काय मनावर घेतेस? लाव कुंकू. फोटोपुरतं लाव, मग पूस. इथं कोण पाहते? इथं सारे असंच करतात. मी इथं एकटा आहे, हाताने भाकरी थापतो. तू तत्त्व धरून बस, मी थंडीत मरतो."

मी ती चिठ्ठी वाचली अन् चुलीपुढं बसून रडली. पाटील बोलला तवा नाही रडली. बाबू बोलला तवा नाही रडली. आता रडली. ज्याची बायको म्हणून सिद्ध व्हाचं, तोच म्हणते का ते लगन पुसून टाक अन् दुसरंच लिही. आत्या विचारे, "काय लिहिलं व?" मी म्हटलं, "थंडी हाय म्हणते."

पण खरं सांगू? तो थंडीत एकटा हाय हे वाचून जीव तुटला. म्हटलं, जाऊ दे. एक फोटोच त हाय. अन् मी यवतमाळले गेली.

फोटोवाला तोच. म्हातारा झालता. हिंदी मिसळून बोले, पण माणूस चांगला, मले पाहून खुर्ची पुढं केली. बसा म्हणणारा या साऱ्या खेपांतला तो एकच माणूस. मी सांगतलं तसं म्हणला, "फिकर नको करू, बेटी. तुह्या नवऱ्याले इथं याची गरज नाही. त्या फोटोची काच, निगेटिव्ह, हाय माह्यापाशी. नवी नकल काढतो अन् रंग भरून देतो. आजकाल सारे तेच करते."

चार दिवसांनी पुन्हा गेली. त्यानं नकल टेबलावर ठेवली. लहान लहान बाटल्या, रंगाच्या. बारीक ब्रश, त्याले चारच केस असतीन. माह्या समोर बसून त्यानं काम चालू केलं. आधी पातळ. पांढऱ्यावर लाल फिरवला. निळा काठ झाकला, त्यावर पिवळा जरीचा काठ काढला. मंग गळा. काळे ठिपके, एकापाठी एक, खाली दोन पिवळ्या वाट्या. हात मोठा सफाईचा. पाह्यतच राहावं असा. शेवटी कपाळ. ब्रश लाल रंगात बुडवला अन् माह्या भुवयांच्या मधी टेकवला.

"देख," म्हणे. "अब हुई शादी."

मी पाह्यलं. माह्या नवऱ्याजवळ कोणती तरी दुसरीच बाई उभी होती. चांगली होती दिसाले. लाल पातळातली, सोन्याच्या काठाची, सवाष्ण. कोणत्याबी कचेरीत तिले खुर्ची भेटली असती. पाटलानं तिले ओळखलं असतं. पण तिच्या लगनात माहा बाप नव्हता. तिच्यासाठी कोणी बूट घालून वाड्यापुढून गेलं नव्हतं. ते सारं लाल रंगाखाली गेलं होतं.

अन् मले एकदम समजलं, चूक काय होऊन राह्यली. माहं लगन खरं, त ते खोटं म्हणते. अन् खरं म्हणवून घ्यायचं असन त खोटा फोटो आण म्हणते. म्हंजे त्याहिले पुरावा पाहिजेच नव्हता. त्याहिले मी परत पाहिजे होती. पहिल्यासारखी. पायरीपुढं.

मी अंगठा जिभेले लावला अन् फोटोच्या कपाळावरून फिरवला. रंग ओला होता. लाल डाग तोंडभर पसरला.

"अरे अरे! ये क्या किया?" म्हातारा ओरडला.

"चाचा, तुमचा हात लय चांगला हाय," मी म्हटलं. "पण ही मी नाही. मले साधी नकल द्या. पांढरीच."

म्हातारा उठला, आतून पांढरी नकल आणली अन् कागदात गुंडाळून हातात देली.

घरी येऊन आत्याले सारं सांगतलं. चिठ्ठीबी वाचून दाखवली. बाबू काय बोलला तेबी, मयतीचा फोटो म्हणला तेबी. मले वाटलं, आता म्हणन, मी म्हटलं नव्हतं? पांढरं नेसवू नका म्हटलं नव्हतं?

आत्या खोकलली. थुंकली. मंग म्हणली, "मी म्हटलं ते मी म्हटलं. मी तुही आत्या हावो. माहा हक्क हाय. तो मेला कोण लागून गेला तुह्या लगनाले मयत म्हणणारा? चाल, मले पांढरं पातळ दे. मी येते साक्षीले. मी एकटी रडली होती त्या लगनात, माह्यावाणी साक्ष कोणाची?"

सोमवारी आमी गेलो. मी, आत्या, अन् वस्तीतल्या ज्या बाया माह्या लगनात होत्या त्या. साऱ्या पांढऱ्या पातळात. ज्याहिच्यापाशी नव्हतं त्याहिनं उसनं आणलं. रस्त्यानं लोकं विचारत, कोण मेलं बाई? आत्या म्हणे, "तुहा बाबू."

कचेरीत मी चौकटीपाशी थांबली नाही. आत गेली. फोटो कट्ट्यावर ठेवला नाही. बाबूच्या टेबलावर ठेवला, त्याच्या चहाच्या कपाजवळ.

"हा माह्या लगनाचा फोटो. ह्या माह्या लगनाच्या साक्षीदार. दाखला द्या," मी म्हटलं.

"तुला सांगितलं होतं ना..."

"सांगतलं होतं. आता मी सांगते. दाखला द्या. नाही देत त लिहून द्या का हे लगन नाही. खाली सही करा."

बाबू उठून उभा राह्यला. "असं लिहून देता येत नाही."

"काहून? तोंडानं त साऱ्या कचेरीपुढं बोलले. कागदावर काहून नाही?"

त्यानं चपराशाकडं पाह्यलं. चपराशानं आमच्याकडं पाह्यलं अन् खाली मान घातली. या खेपेस कोणी हसलं नाही. बाबू म्हणला, मोठे साहेब दौऱ्यावर आहेत. मी म्हटलं, येऊ द्या. आमी तिथंच फरशीवर बसलो. आत्यानं पान काढलं. संध्याकाळी कुलूप लावाची वेळ झाली तवा उठलो.

त्याच आठवड्यात नवऱ्याले चिठ्ठी लिहिली. लांब नाही लिहिली. "तुमी बूट घालून पाटलाच्या दारावरून गेले, त्या माणसासंग माहं लगन झालं. तो माणूस जिथं असन तिथं मी येईन, थंडी असो का आग. पण याच फोटोवर येईन. कुंकवाच्या फोटोवर जी येईन ती तुमची बायको नसन. तिले घेऊन तुमी काय करसान?"

त्याचं उत्तर अजून आलं नाही. दाखला अजून भेटला नाही. मोठे साहेब एकदा दौऱ्यावर असते, एकदा मिटिंगमधी असते. बाबूनं टेबल खिडकीपासून हालवून मागच्या भिंतीपाशी नेलं. आमी तिथंबी जातो. लोकं म्हणते, बाई, हट्ट सोड, उमर निघून चालली. निघून चालली हे मले दिसत नाही काय? रोज दिसते. रागबी रोज येते, कधी बाबूचा, कधी पाटलाचा, कधी त्या विलायतेत भाकरी थापणाऱ्याचा. पण वाकून जाणार नाही. जाईन त पांढऱ्या पातळात जाईन. नाही त या कचेरीच्या फरशीवर बसीन.

उद्या सोमवार हाय. पातळ धुतलं, नीळ देली, दोरीवर टाकलं. आत्याचंबी टाकलं.